कारखान्याच्या राखेतून पोटॅश आणि सिलिकेट: सोलापुरात करता येईल अशी कृती

राखेचं पोतं समोर आलं की मी आधी एकच विचारतो: ही कुठल्या बॉयलरची? बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वीज काढणाऱ्या को-जनच्या बॉयलरची, की डिस्टिलरीत मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारा स्पेंटवॉश जाळणाऱ्या बॉयलरची? दोन्ही राखा एकाच कारखान्याच्या आवारातून निघतात आणि ट्रॉलीत भरल्यावर दोन्ही सारख्याच काळपट दिसतात. रसायन म्हणून मात्र त्यांचं एकमेकींशी काहीही नातं नाही. बगॅसच्या राखेत मुख्यतः सिलिका असते, म्हणजे वाळू ज्याची बनते तेच. स्पेंटवॉशच्या राखेत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचे क्षार, असतं. हे न विचारता पिंपं आणि पंप घेऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून सुरुवात इथूनच करतो.

राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत. गाळप सुरू झालं की राखेचे ढीग वाढत जातात. त्यातली बरीच वीटभट्टीला, शेतात किंवा भराव्याला जाते. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेस हाउसमध्ये रसायनं सांभाळली. टॉवेल ब्लीच करायला लागणाऱ्या ज्या सिलिकेटचे ड्रम आम्ही लांबून मागवत होतो, त्यातली निम्मी वस्तू वीस कोसांवर फुकट पडलेली आहे, हे मला फार उशिरा उमगलं. तेव्हापासून राखेवर प्रयोग करतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. राखेतून निघणारं रसायन पातळ आणि पाण्याने जड असतं, ते पन्नास-साठ किलोमीटरच्या आत खपलं तरच परवडतं. आपलं नशीब असं की खपायची ठिकाणं जवळच आहेत: सांगोल्याचं डाळिंब, पंढरपूर-कासेगावचा बेदाणा आणि सोलापूरचा टॉवेल.

राख ओळखायची कशी

नमुना ढिगाच्या एका कडेचा घेऊ नका. दहा ठिकाणची थोडी थोडी राख एकत्र करा, पसरून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. किलोभर उरेपर्यंत हेच करा. बॉयलरच्या तळाची राख आणि धुराड्याच्या वाटेवर पकडलेली बारीक राख वेगळ्या पोत्यांत घ्या, दोन्हींचा कस वेगळा असतो.

मग १०० ग्रॅम वाळलेली राख लिटरभर गरम पाण्यात अर्धा तास ढवळा, गाळा, वरचा गाळ पुन्हा थोड्या गरम पाण्याने धुवा, वाळवून वजन करा. बगॅसची राख फारशी घटत नाही. स्पेंटवॉशची राख चांगली असेल तर वजन डोळ्यांत भरण्याइतकं उतरतं. जे उतरलं ते पाण्यात विरघळलेले क्षार.

गाळलेल्या पाण्याचे तीन वेगळे थेंब तपासा. एकात पातळ आम्ल टाका, फसफसलं तर कार्बोनेट आहे. उरलेले दोन्ही आधी पातळ नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी करून घ्या, नाहीतर कार्बोनेटच फसवतं. एकात सिल्व्हर नायट्रेट टाकून दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइड. दुसऱ्यात बेरियम क्लोराइड टाकून साका आला तर सल्फेट. बेरियमची रसायनं विषारी असतात, ती कुलपात ठेवा. पोटॅशियमची खूण ज्योतीत मिळते. निळ्या कोबाल्ट काचेतून बघितलं की ज्योत फिकट जांभळी दिसते. काच नसेल तर सोडियमचा पिवळा रंग सगळं झाकून टाकतो.

बॉयलर चालवणाऱ्यांना एक गोष्ट जरूर विचारा: स्पेंटवॉशच्या जोडीला काय जाळता? आटवलेला स्पेंटवॉश एकटा नीट जळत नाही, त्याला बगॅस किंवा कोळसा द्यावा लागतो. कोळसा असेल तर कोळशाची राख मिसळून पोटॅशचं प्रमाण खाली येतं आणि नको असलेले धातू वाढतात. शक्य असेल तर बगॅसवाली राख धरा.

राख कोरडी असताना उचला. ओल्या पद्धतीने काढलेल्या किंवा वळवाच्या पावसात भिजलेल्या ढिगातलं पोटॅश पाण्याबरोबर निघून गेलेलं असतं.

एवढं झाल्यावर नमुना प्रयोगशाळेत द्या. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला ही राख नवी नाही. पोटॅश, क्लोराइड, सल्फेट, सिलिका, लोह आणि शिसं-कॅडमियमसारखे जड धातू, एवढं मागा.

पोटॅश: तीन पिंपांची रीत

ज्याला पहिल्यांदाच हात घालायचा आहे त्याने इथून सुरू करावं. यात पाणी आणि ऊन सोडून विकतचं काही लागत नाही.

झाकणाची तीन एचडीपीई, म्हणजे जाड प्लॅस्टिकची, पिंपं घ्या. प्रत्येकात चाळलेली राख २५ किलो आणि पाणी ६० लिटर. पाणी साधारण ७० अंशांपर्यंत तापवलेलं असावं. तासभर ढवळा, रात्रभर बसू द्या. खरी युक्ती पाणी फिरवण्यात आहे. ताजं पाणी सगळ्यात जुन्या, म्हणजे दोनदा धुतलेल्या राखेवर घालायचं. तिची निथळ एकदा धुतलेल्या राखेवर, आणि तिची निथळ कोऱ्या राखेवर. कोऱ्या राखेवरून जे निघेल तेच पुढे न्यायचं. तीनदा धुतलेली राख बाहेर काढायची, त्या पिंपात कोरी भरायची आणि क्रम एकाने पुढे सरकवायचा. अशाने थोड्या पाण्यात जास्त क्षार येतो, आणि आटवायला पाणी कमी म्हणजे सगळाच खर्च कमी. द्रावणाचा दाटपणा मोजणाऱ्या बॉमे काट्यावर रोजची नोंद ठेवा. आकडा दोन दिवस खाली आला तर राख बदलली आहे असं समजा.

निथळ मांजरपाटाच्या दुहेरी कापडातून गाळा. रंग चहासारखा असेल तर राख अर्धवट जळलेली आहे. थोडा दाणेदार सक्रिय (ॲक्टिव्हेटेड) कोळसा टाकून पुन्हा गाळा.

आता आटवणं. लोक लगेच गुऱ्हाळाची काहिल आठवतात. लहान प्रयोगाला ती चालते, पण क्लोराइडचं गरम पाणी लोखंड खातं आणि साध्या स्टीललाही डाग पाडतं. जळणाचा खर्च वेगळाच. मी शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरून वीतभर खोल वाफे केले. मार्च ते मे या तीन महिन्यांत सोलापूरच्या उन्हासारखा फुकटचा बॉयलर नाही. वाऱ्याची धूळ अडवायला कडेने शेडनेट लावा.

क्षार वेगळे होतात ते विद्राव्यतेमुळे, आणि हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंशांना पोटॅशियम सल्फेट सुमारे ११ ग्रॅमच विरघळतं, उकळत्या पाण्यात २४. पोटॅशियम क्लोराइड थंडीत ३४ आणि उकळत्यात ५६ ग्रॅम. साधं मीठ थंडीत ३६, गरमात ३९, म्हणजे त्याला तापमानाने जवळपास काहीच फरक पडत नाही. पोटॅशियम कार्बोनेट थंड पाण्यातही ११० ग्रॅमच्या वर. म्हणून आटत आलेल्या द्रावणातून आधी सल्फेटचे खडे पडतात, मग क्लोराइड, आणि तळाच्या दाट रसात कार्बोनेट शेवटपर्यंत राहतं. द्रावणात क्लोराइड असेल तर सल्फेटची विद्राव्यता आणखी घटते, ते लवकर पडतं. वाफ्याच्या तळाशी पहिला पांढरा थर दिसला की वरचं द्रावण दुसऱ्या वाफ्यात सोडा. थर उचला, त्यावर अगदी थोडं थंड पाणी शिंपडून चिकटलेला रस निथळू द्या आणि सावलीत वाळवा. हा पहिला थर सल्फेटचा. तो वेगळा ठेवलात तरच मेहनत सार्थकी लागते, कारण ०-०-५० म्हणून विकत मिळणारं डाळिंबाचं खत हेच आहे आणि डाळिंबवाल्यांना क्लोराइड नको असतं.

किती माल निघेल याचा अंदाज कागदावर करून घ्या. प्रयोगशाळेने पोटॅश (K₂O च्या हिशेबाने) २० टक्के सांगितलं, तर १०० किलो राखेत २० किलो पोटॅश झालं. ते सगळं सल्फेटच्या रूपात असतं तर ३७ किलो माल, सगळं क्लोराइड असतं तर साधारण ३२ किलो. प्रत्यक्षात मिश्रण असतं आणि धुण्यात-गाळण्यात तूट येते, तेव्हा हिशेब तीन-चतुर्थांशावर धरा.

खत म्हणून बाहेर विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. परवाना आणि तपासलेला कस याशिवाय एक पिशवीही विकू नका. शिवाय मळीपासूनचं पोटॅश, ज्याला पीडीएम म्हणतात, २०२१ पासून केंद्राच्या पोषणमूल्याधारित अनुदानात आलं आहे. त्याचा कस १४.५ टक्के पोटॅश धरला आहे. त्यामुळे कारखाने ही राख आता स्वतःच दाणेदार करून विकू शकतात. ती फुकट मिळेल या भरवशावर गणित मांडू नका. आधी दर ठरवा, लेखी घ्या.

बेदाण्याचं कार्बोनेट

द्राक्षं सुकवण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात, त्यात लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल असतं. बेदाण्याच्या हंगामात कार्बोनेटला आपल्याच भागात मागणी असते. पण डिस्टिलरीच्या राखेत क्लोराइड आणि सल्फेटच जास्त. कार्बोनेट हवं असेल तर केळीच्या खुंटाची, तुरीच्या किंवा कापसाच्या पळकाट्यांची राख धरा. कंदर-जेऊरकडे केळीचे घड उतरले की खुंटांचे ढीग पडतात. जुन्या घरांत पापडाला लागणारा खारही वनस्पतींच्या राखेतून काढत.

खुंट चिरून कडक वाळवा आणि मंद आचेवर जाळा. भट्टी फार तापली तर राख वितळून काचेसारखे गोळे होतात, पोटॅश सिलिकेला घट्ट बांधलं जातं आणि पाण्यात उतरत नाही. बाकी रीत तीन पिंपांचीच. आटवताना आधी पडलेले खडे बाजूला काढा आणि शेवटचा दाट रस कोरडा करा. कोरडं कार्बोनेट हवेतलं पाणी ओढून घेतं, सकाळी पसरलेलं संध्याकाळी ओलं मिळतं. म्हणून कोमट असतानाच जाड पिशवीत सील करा.

एक विनंती कळकळीने करतो. जड धातूंचा आणि शुद्धतेचा अहवाल हातात नसताना हा माल बेदाण्याला वापरू नका, दुसऱ्याला देऊही नका. तो खाण्याचा पदार्थ आहे, परदेशात जातो. एका कंटेनरच्या नमुन्यात काही सापडलं तर भोगावं लागतं सगळ्या गावाला.

टॉवेलचं सिलिकेट

हे माझं घरचं काम, म्हणून थोडं लांबवतो.

सुती टॉवेल हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच करताना सोडियम सिलिकेट घालतात, कारण ते पेरॉक्साइडला एकदम फुटू देत नाही. प्रोसेस हाउस ते लिटरला काही ग्रॅम असं पातळ करूनच वापरतं. मग दाट ड्रम विकत आणून पुन्हा पाण्यात घालण्यापेक्षा जवळचं पातळ सिलिकेट का नको? आटवण्याचा खर्च इथे वाचतो आणि राखेचं सिलिकेट इथेच परवडतं. पुठ्ठ्याच्या गोंदाला किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीला दाटच लागतं, तिकडे पहिल्या वर्षी जाऊ नका.

राखेतली सिलिका कॉस्टिकमध्ये, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात, उकळली की सोडियम सिलिकेट होतं. पण बगॅसच्या राखेतली सगळी सिलिका त्यात विरघळत नाही. खुद्द उसातून आलेली विरघळते, पण उसाबरोबर आलेल्या मातीतली वाळू आणि भट्टीच्या उष्णतेने स्फटिक झालेली सिलिका उकळत्या कॉस्टिकलाही दाद देत नाही. प्रयोगशाळेचा एकूण सिलिकेचा आकडा पाहून हुरळून जाल तर फसाल. त्यासाठी स्वतः एक चाचणी करा. पाण्याने धुऊन वाळवलेली १० ग्रॅम राख, १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक, तासभर मंद उकळी, आटेल तेवढं पाणी भरत राहायचं. गाळा, गाळ चांगला धुवा, वाळवून वजन करा. ३ ग्रॅम घटले तर तुमची कामाची सिलिका ३० टक्के. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर.

मोठ्या कामाआधी राख पाण्यात ढवळा. न जळलेला भुसा वर तरंगतो, तो झाऱ्याने काढा. जड वाळू पटकन खाली बसते. तांदूळ धुताना खडे मागे ठेवतो तसं वरचं गढूळ पाणी दुसऱ्या टाकीत ओतून वाळू मागे ठेवा. हे धुणं टाळलंत तर पोटॅश, माती, लोह सगळं पुढे जातं.

आता १०० किलो धुतलेली राख, कामाची सिलिका ३० किलो. सिलिका आणि सोड्याचं प्रमाण दोनास एक ठेवायचं तर किलोभर सिलिकेला ६७० ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे २० किलो. पाणी २५० लिटर. बोअरचं कठीण पाणी इथे शत्रू आहे, त्यातलं कॅल्शियम सिलिकेटला धरून खाली बसतं. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. कॉस्टिक नेहमी पाण्यात, थोडं थोडं. पाणी कॉस्टिकवर कधीच नाही, ते उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचं घ्या. जर्मनचं पातेलं चुकूनही नको: कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, बूट आणि शेजारी वाहतं पाणी असल्याशिवाय गोणी फोडू नका. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी मारत राहा आणि मग थेट दवाखाना. कोरडी राख हाताळताना एन-९५ मास्क लावा. बारीक सिलिकेची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

राख घालून ९५ अंशांच्या वर दोन ते तीन तास ढवळत ठेवा. पुरेसं झालं की ढवळणं थांबवा, गरम असतानाच निथळ काढा आणि गाळा. गाळात बराच रस अडकतो. तो दोनदा थोड्या गरम पाण्याने धुवा आणि ते धुवण पुढच्या खेपेचं पाणी म्हणून वापरा. साठवणीच्या टाकीला घट्ट झाकण हवं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते.

टॉवेलवाल्याकडे नेण्याआधी लोह तपासा. पेरॉक्साइडच्या टाकीत लोहाचा कण कापडाला चिकटला तर नेमक्या त्या जागी पेरॉक्साइड भडकतं आणि टॉवेलला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. आमच्या युनिटमध्ये एकदा असा अख्खा लॉट गेला, शिलाईच्या टेबलावर उजेडात धरला तेव्हा कळलं. अल्कलीत लोह फारसं विरघळत नाही, ते राखेच्या बारीक कणांबरोबर येतं. म्हणून गाळणं दोनदा करा आणि एक रात्र बसू द्या. तपासण्यासाठी थोडं सिलिकेट भरपूर पाण्यात पातळ करा, आम्ल घालून आम्लधर्मी करा, अमोनियम थायोसायनेटचे थेंब टाका. लालसर झाक आली तर तो ड्रम ब्लीचिंगला द्यायचा नाही. पहिल्यांदा लॅबच्या बीकरमध्ये वीतभर कापडावर ब्लीच करून दाखवा. तिथे शुभ्रता आणि पेरॉक्साइडचा टिकाव जमला तरच मशीनवर जा.

पांढरी सिलिका: मोह आवरा

सिलिकेटमध्ये आम्ल घातलं की पांढरी सिलिका पडते आणि तिला रबर-रंगाच्या धंद्यात भाव आहे, म्हणून बरेचजण थेट तिकडे पळतात. मीही पळालो होतो. थंड सिलिकेटमध्ये पातळ सल्फ्युरिक आम्ल भराभर ओतलं आणि पाच मिनिटांत अख्खा ड्रम खरवसासारखा थिजला. गाळता येईना, काढता येईना, शेवटी फावड्याने कापून काढला. द्रावण ८० ते ९० अंशांवर ठेवून, जोरात ढवळत, आम्ल अगदी धारेने घातलं तरच गाळता येणारी पूड मिळते.

पण खरा अडथळा धुवणाचा आहे. वरच्याच हिशेबात ३० किलो सिलिका पाडायला साधारण २५ किलो सल्फ्युरिक आम्ल लागतं आणि सोबत ३५ किलो सोडियम सल्फेट धुवणाच्या पाण्यात जातं. मालापेक्षा मीठ जास्त. ते खारं पाणी टाकायचं कुठे? सीना नदीत सोडायचं का?

उत्तर डिस्टिलरीच्या भिंतीपलीकडे आहे. मळी आंबताना तिथे कार्बन डायऑक्साइड निघतोच. तो सिलिकेटमधून सोडला की सिलिका पडते आणि पाण्यात उरतो सोडियम कार्बोनेट. त्यात विझवलेला चुना घातला की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि कॉस्टिक परत मिळतं. ३० किलो सिलिकेला वायू ११ किलो, चुना साडेअठरा किलो, आणि हिशेबाने २० किलो कॉस्टिक मोकळं. राख, वायू, चुना, वाफ, चारही गोष्टी साखर कारखान्याच्या आवारात असतात. म्हणून हे काम एकट्याने शेडमध्ये करू नका, कारखान्याच्या भागीदारीत करा.

लहान प्रयोग सोडला तर यातल्या कशालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, उभारणीआधी एक आणि चालवण्याआधी दुसरी. अर्जात धुवणाच्या पाण्याचं काय करणार हेच आधी विचारलं जाईल, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

सिलिकेट काढून उरलेला काळा गाळ फेकू नका. त्यात न जळलेला कोळसा एकवटलेला असतो आणि बगॅसच्या राखेचा कोळसा कापडाचे रंग ओढून घेतो. गाळ पीएच ७ येईपर्यंत धुऊन वाळवा. प्रोसेस हाउसच्या रंगीत पाण्याच्या दोन बाटल्या भरा, एकीत चमचाभर गाळ टाकून अधूनमधून हलवत राहा. चोवीस तासांनी दोन्ही शेजारी उजेडाला धरून बघा.